मेळाव्याआधी उघडायचं नाही

माझे सासरे ज्या वर्षी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी समाजाच्या वधू-वर मंडळाचे सचिव झाले. मंडळ दर हिवाळ्यात हिंगोलीला मेळावा घ्यायचं आणि त्या दिवशी परिचय-पुस्तिका निघायची. एका पानावर चार मुलं किंवा चार मुली. फोटो, शिक्षण, शेती, मामाचं गाव, अपेक्षा. पुस्तिकेची प्रुफं सासरे स्वतः तपासत. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की त्यांचं जेवणात लक्ष लागत नसे. छापून आल्यावर चूक सापडली तर मात्र गप्प बसत. छापलेलं ते छापलेलं.

मी लग्नाआधी पुण्यात एका कंपनीत वेबसाइट बनवायचं काम करायची. नवऱ्याची नोकरी हिंगोलीच्या बँकेत, म्हणून घरून काम करायची परवानगी काढून इकडे आले. मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीशेजारी, माझं टेबल लागलं. रोज सकाळी आमच्या टीमची एक छोटी मीटिंग असते, तिला स्टँडअप म्हणतात. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय, एवढंच प्रत्येकानं सांगायचं. सासऱ्यांनी ते दोन-चार वेळा दारातून ऐकलं असावं. एकदा जेवताना म्हणाले, "रोज हजेरी घेतेत का तुमची?"

"हजेरी नाही बाबा. काम कुठवर आलं ते एकमेकांना सांगतो."

"काम झाल्यावर सांगावं की. अर्धवट कामाचं काय सांगायचं?"

मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

पोळ्याच्या सुमारास मंडळाचे अध्यक्ष घरी आले. त्यांचं खताचं आणि बियाण्याचं दुकान आहे, माणूस बोलायला मोठा. मी मागं कामात होते, पुढच्या खोलीत काय ठरलं ते मला सासूबाईंकडून कळलं. चहाचे कप विसळता विसळता त्या म्हणाल्या, "तुझ्यावर आलंय बाई काहीतरी."

आलं होतं ते असं. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, तर पुस्तिकेच्या जागी वेबसाइट करायची. घरात इंजिनिअर सून असताना बाहेर कशाला जायचं? आणि मेळाव्यात पाहुण्यांच्या हस्ते बटण दाबून अनावरण करायचं.

मला काम नको होतं असं नाही. उलट बरं वाटलं. सासरी येऊन माझं काम म्हणजे काय हे कुणाला सांगता आलं नव्हतं, ते आता दाखवता येईल असं वाटलं. त्या रविवारी जेवताना मी सासऱ्यांच्या समोर बसले आणि आम्ही ऑफिसात करतो तसं सांगितलं.

"बाबा, मी पंधरा दिवसांत फक्त एवढंच करते. नाव, शिक्षण, गाव, फोटो. तालुक्यावरून शोधता येईल. ते आपण ओळखीच्या आठ-दहा घरांना देऊ. ते वापरतील, अडतील, आपल्याला सांगतील. मग पुढचं करू. असं थोडं थोडं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. वर्गात पोरानं उलटं उत्तर दिल्यावर ते असंच करत असणार.

"अर्धवट पुस्तक छापतेत का कोणी?"

"हे पुस्तक नाही. लोकांच्या हातात गेल्यावरही यात बदल करता येतो."

"म्हणून आधी चुकीचं द्यायचं व्हय?"

"चुकीचं नाही, थोडं."

"सूनबाई, समाजाचं काम आहे. मेळाव्याच्या दिवशी जे निघंल ते परिपूर्ण निघालं पाहिजे. तोपर्यंत कोणाला दाखवायचं न्हाई. मेळाव्याआधी उघडायचं न्हाई."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटातली भाकरी मोडत राहिला.

पुढचे दोन-अडीच महिने दर रविवारी मंडळाची बैठक आमच्याच घरी झाली आणि दर रविवारी माझं काम वाढलं. एकदा रास, नाडी, गण आले. पुढच्या वेळी शेती कोरडवाहू का बागायती. मग शहरात घर आहे का, भाड्याचं का स्वतःचं. मग मामाचं कूळ. मग आत्याच्या घरचं कूळ. एका सभासदाला वाटलं की मुलाला व्यसन आहे का ते विचारावं, दुसऱ्याला वाटलं की असं विचारलं तर लोक फॉर्मच भरणार नाहीत, म्हणून ठरलं की विचारायचं, पण उत्तर देणं सक्तीचं नाही. मी ऐकत बसे आणि मागं जाऊन करत बसे. ऑफिसचं काम संपलं की हे.

कुठल्याही कामात सगळ्यात महत्त्वाचं काय ते आधी ठरवून घ्यायचं, हे मी पुण्यात पहिल्या वर्षी शिकले. गिऱ्हाईक म्हणतंच की मला सगळं पाहिजे. तिथं आपण हसून म्हणायचं, साहेब, यातल्या तीनच गोष्टी आधी मिळणार असतील तर कोणत्या? आणि ते सांगेपर्यंत हलायचं नाही. मी हे सासऱ्यांना विचारून पाहिलं.

"सगळंच महत्त्वाचं आहे," ते म्हणाले. "ज्याला नाडी बघायची त्याला नाडी महत्त्वाची. ज्याला शेती बघायची त्याला शेती. ते मी काहून ठरवू?"

यावर पुण्यातल्या गिऱ्हाइकाला देण्यासारखी माझ्याकडे दोन-तीन उत्तरं होती. पण इथं गिऱ्हाईक माझ्या नवऱ्याचे वडील होते, आणि तासाभरानं मी त्यांना जेवायला वाढणार होते. मी "बरं बाबा" म्हणाले. त्या दिवसांत मी इतक्या वेळा "बरं बाबा" म्हणाले की ऑफिसच्या मीटिंगमध्येही एकदा मॅनेजरला "बरं" म्हणून गेले. कामाची तारीख त्यानं उगाच अलीकडे ओढली होती, आणि एरवी मी भांडले असते.

सासूबाईंना माझी चिडचिड दिसत होती. एकदा कणीक मळताना मी परात आपटली, तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यायला सांगत जाय की तोंडावर."

"तुम्ही सांगता का आई?"

त्या पळीनं वरण ढवळत राहिल्या.

दिवाळीत मी एक गोष्ट माझ्या मनानं केली. कोणाला दाखवायचं नाही असा हुकूम होता, पण घरच्या माणसाला दाखवलं तर ते दाखवणं धरू नये असं मी स्वतःला समजावलं. सासऱ्यांची एक चुलत बहीण सेनगाव तालुक्यात पुसेगावला दिलेली आहे. मी तिला आत्याबाई म्हणते. आत्याबाईंच्या मुलीचं नर्सिंग झालं होतं आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. भाऊबीजेच्या निमित्तानं आम्ही तिकडे गेलो. पुरुष मंडळी बाहेर कापसाच्या भावावर बोलत बसली. मी तिला आतल्या खोलीत घेऊन बसले आणि म्हटलं, "तुझ्या मोबाइलवर हे उघड आणि भर. मी काही सांगणार नाही, नुसती बघते."

बघत बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. आपण बनवलेली गोष्ट दुसरा माणूस चुकीच्या जागी दाबतो, आणि हात पुढे करायचा नाही.

फॉर्म लांबच लांब. मंडळाची सगळी कुळं, नाड्या आणि बागायती जमिनी त्यात होत्या. ती अंगठ्यानं खाली सरकवत सरकवत भरत गेली. मामाच्या कुळापाशी अडली, बाहेर जाऊन आईला विचारून आली. तोवर मोबाइलचा पडदा बंद झाला होता. परत उघडलं तर सगळं कोरं. तिनं पुन्हा सुरुवातीपासून भरलं. शेवटी बटण दाबलं आणि रेंज गेली. पांढरा पडदा. परत कोरं.

"असंच असतंय का वैनी?" तिनं विचारलं. तक्रार नव्हती त्यात. सरकारी फॉर्म भरून भरून तिला वाटत होतं की असंच असतं.

"नाही, माझं चुकलंय. मी फॉर्मचे तुकडे करून देते. थोडं भरलं की तेवढं जपून राहील."

तिनं मान हलवली. मग मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "अन् काढायचं कुठून?"

"काय काढायचं?"

"माझं नाव. समजा जमलं कुठं. न्हाईतर मलाच नको वाटलं तर. कुठं दाबायचं?"

 इतक्या रविवारच्या बैठकांत, इतक्या रकान्यांत, हे एकदाही निघालं नव्हतं. पुस्तिकेतून नाव काढता येत नाही, म्हणून वेबसाइटमधून काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. मलाही सुचलं नव्हतं, आणि माझं तर ते कामच.

परत येताना गाडीत मी ठरवून टाकलं. फॉर्मचे तुकडे करायचे, आणि आपली माहिती आपल्याला झाकता येईल असं एक बटण द्यायचं. तुकडे मी दोन संध्याकाळींत केले. ते कुणाला सांगायची गरज नव्हती, दिसायला सगळं तेच होतं. बटणाचं मात्र बैठकीत विचारावं लागणार होतं, कारण तो मंडळाचा नियम झाला असता.

मी रविवारी पुढच्या खोलीत जाऊन उभी राहिले आणि विचारलं. अध्यक्षांनी माझं पूर्ण ऐकलं, ते खरं.

"म्हंजी पोरगी स्वतःच काढून टाकणार?"

"मुलगा असो नाहीतर मुलगी. ज्याची माहिती त्यानं."

"अन् बापाला माहीतच न्हाई. रागारागात पोरीनं बटण दाबलं, इकडं बाप स्थळाची वाट बघून राहिला. मंग मंडळाच्या नावानं शिव्या कोणी खायच्या? गुरुजी का मी?"

"मग वडिलांना मेसेज जाईल असं करते."

"लई बारीक करून राहिल्या तुमी. एवढं लागत न्हाई. मंडळाला फोन करायचा, मंडळ काढंल."

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते कागदावर काहीतरी लिहीत होते. वर न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू. आता मेळावा तोंडावर आहे."

पुढच्या रविवारी मी परत विचारलं. नंतरच्याही विचारलं. तिसऱ्या वेळी अध्यक्ष हसून म्हणाले, "सूनबाईचं बटण काही संपंना," आणि बाकीचे हसले. त्यानंतर मी बैठकीत गेले नाही. चहा सासूबाई घेऊन जात.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी अध्यक्षांचा माणूस पेनड्राइव्ह घेऊन आला. त्यात मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे आणि पाहुण्यांचे फोटो होते. लग्नात फोटोग्राफर काढतो तसले, एकेक फोटो दगडासारखा जड. निरोप असा की हे पहिल्या पानावर सरकत सरकत आले पाहिजेत, आणि खाली नावं.

मी सासऱ्यांना स्पष्ट सांगितलं. "बाबा, आदल्या दिवशी काही नवीन घालायचं नसतं. जे आहे ते मी सगळ्या प्रकारच्या मोबाइलवर बघितलंय. हे नवीन मला बघायला वेळ नाही."

"फोटोच तर लावायचेत."

"फोटो लावायला वेळ लागत नाही. त्यानं काय बिघडतं ते बघायला लागतो."

ते उभेच होते. हातातला फेटा खुर्चीवर ठेवला. म्हणाले, "पाहुणे मोठे आहेत. त्यायचा फोटो न्हाई दिसला तर बरं दिसत न्हाई. एवढं कर."

मी फोटो लहान केले, लावले, माझ्या आणि नवऱ्याच्या मोबाइलवर बघितले. चाललं. जुन्या, स्वस्त मोबाइलवर बघायला घरात तसा मोबाइल एकच होता, सासूबाईंचा, आणि त्या नेमक्या मेळाव्याच्या स्वयंपाकाची व्यवस्था बघायला गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी बायपासवरच्या मंगल कार्यालयात पाहुण्यांनी बटण दाबलं, पडद्यावर फोटो सरकू लागले, टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी माइकवरून सांगितलं की आता सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर उघडा. सगळ्यांनी एकदमच उघडलं. काही जणांना दिसलं. बऱ्याच जणांना पहिल्या पानावर पाहुण्यांच्या फोटोंपाशीच सगळं गोठलेलं दिसलं, ना पुढं, ना मागं. माझ्या पुढच्या रांगेतला एक माणूस मोबाइल हवेत हलवून बघत होता, रेंज नसेल म्हणून. त्याच्या शेजारचा म्हणाला, "गुरुजीच्या सुनेनं केलंय म्हणं." अध्यक्ष माइकवर म्हणाले, "सर्वर डाऊन हाये, दम धरा." सर्व्हरला काही झालं नव्हतं.

मी स्टेजच्या बाजूला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले आणि सरकणारे फोटो काढून टाकले. पान लगेच उघडायला लागलं. पण तोवर जेवणाच्या पंगती बसल्या होत्या आणि कुणी परत उघडून बघितलं नाही. थोड्या वेळानं अध्यक्ष ताटात पुरी घेऊन माझ्यापाशी आले. म्हणाले, "फोटो दिसंनात की."

मी उठून हात धुवायला गेले. तिथं नळाला पाणी नव्हतं. मी तशीच उभी राहिले, रडू आवरत, आणि मला राग कुणाचा येतोय तेच कळत नव्हतं. अध्यक्षांचा तर होताच. सासऱ्यांचा होता. पण मी दोन महिन्यांपूर्वी दहा घरांना दिलं असतं तर आदल्या दिवशी हे फोटोही त्यांच्या जुन्या मोबाइलवर बघून घेता आले असते, आणि तेवढं मी करून घेऊ शकले नाही, त्याचा सगळ्यात जास्त होता.

मेळाव्यानंतर मंडळ थंडावलं. वेबसाइट मात्र चालायला लागली. लोक संध्याकाळी उघडत, तालुका निवडत, स्थळं बघत. मी अधूनमधून बारीकसारीक दुरुस्त्या करत होते. हे मला आवडत होतं, कारण बैठक नव्हती. अडलेल्या माणसाचा फोन यायचा, मी दुरुस्त करायची, तो म्हणायचा, आता झालं.

फेब्रुवारीत, गावोगाव हळद शिजवायची गडबड असताना, पुसेगावचे दाजी सकाळी सकाळी मोटरसायकलवर आले. दाजी म्हणजे आत्याबाईंचे यजमान, त्या नर्सिंगवाल्या मुलीचे वडील. अंगावर कामाचेच कपडे, धोतराला हळदीचे डाग. आत या म्हटलं तरी आले नाहीत. ओट्यावरच उभे राहून सासऱ्यांना म्हणाले, "गुरुजी, माझ्या पोरीचं नाव काढा."

"काहून? काय झालं?"

"सोयरीक जमली पोरीची. सुपारी फुटली. तुमालाबी निरोप दिला व्हता. अन् रोज मला फोन येऊन राहिले स्थळाचे. ते बी चाललं असतं. परवा कोणतरी व्याह्याच्या घरी जाऊन मोबाइल दाखवला, म्हणं बघा, पोरगी अजून बाजारात हाये. त्यायला वाटलं आमी त्यायच्यापेक्षा चांगलं स्थळ बघून राहिलो. विहीणबाई बोलंनात झाल्या. तीन दिस झाले, मी दोनदा जाऊन हात जोडून आलो."

"तुम्ही मंडळाला फोन करायचा होता दाजी."

"केला की. अध्यक्षाला चारदा केला. ते म्हणतेत सांगतो, सांगतो."

सासरे मागच्या खोलीत आले. दारात थांबून म्हणाले, "काढता येतं का?"

"येतं."

"किती वेळ लागंल?"

मी तिथल्या तिथं काढून टाकलं आणि त्यांना त्यांच्याच मोबाइलवर दाखवलं. ते मोबाइल घेऊन ओट्यावर गेले, दाजींना दाखवायला. दाजींनी पाहिलं, चहा न घेता गेले.

दुपारी मी मुलीला फोन केला. काय बोलायचं ते माहीत नव्हतं. तिनंच बोलून टाकलं. "वैनी, मी विचारलं व्हतं ना तुमाला."

"हो गं."

"मंग?"

मी सांगायला सुरुवात केली की मी बैठकीत विचारलं, तीनदा विचारलं. ती ऐकत होती. पण सांगताना माझ्याच लक्षात आलं की तिला त्याचं काय? तिनं मला विचारलं होतं आणि तिच्या मोबाइलवर ते आलं नव्हतं. मी बोलणं अर्ध्यात थांबवलं. ती म्हणाली, "जाऊ द्या. माझी ड्यूटी हाये," आणि फोन ठेवला.

त्याच दुपारी मी ते बटण बसवलं. कुणाला विचारलं नाही. ज्याची माहिती त्याच्या मोबाइलवर आकडा येईल, तो टाकला की माहिती झाकली जाईल, पाहिजे तेव्हा परत उघडता येईल. वडिलांना मेसेज जाईल असंही ठेवलं, आणि मग त्या ओळीवर बराच वेळ थांबून ती काढून टाकली. सासूबाईंच्या जुन्या मोबाइलवर दोनदा करून बघितलं. मग सगळ्यांसाठी चालू केलं. एका दुपारचं काम होतं ते. एवढ्यासाठी तीन रविवार मी त्या खोलीत उभी राहिले होते.

महिना-दीड महिना मंडळात कुणाच्या लक्षात आलं नाही. मग अध्यक्षांचा सासऱ्यांना फोन आला, कारण त्यांनी एका पाहुण्याला दाखवायचं म्हणून जे स्थळ शोधलं ते सापडेना. फोन झाल्यावर सासरे सरळ माझ्या खोलीत आले. माझी मीटिंग चालू होती. मी आवाज बंद केला.

"ते बटण लावलंस का तू?"

"हो."

"मला विचारलं काहून न्हाई?"

"विचारलं होतं बाबा. तीनदा."

"मंडळाला विचारलं होतं. अध्यक्षासमोर. मला कधी विचारलंस?"

 ते खरं होतं. मी त्यांना एकट्याला कधीच विचारलं नव्हतं. घरात आम्ही दोघं दिवसभर असायचो, तरी प्रत्येक वेळी मी पुढच्या खोलीत जाऊन, चारचौघांत विचारलं होतं, जिथं ते अध्यक्षांना नाही म्हणू शकत नव्हते. पण त्याच वेळी मला असंही वाटत होतं की एकट्याला विचारलं असतं तरी "पुढच्या वर्षी बघू" हेच आलं असतं. दोन्ही एकदम वाटत होतं. पडद्यावर पुण्याचा मॅनेजर माझं नाव घेऊन हाक मारत होता.

"तुझं काम कर," सासरे म्हणाले आणि गेले.

त्यानंतर चार-पाच दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलले. रविवारी बैठक झाली. मी मागं होते. काय झालं ते नवऱ्यानं सांगितलं, तो त्या दिवशी पुढं बसला होता. अध्यक्ष म्हणाले की ते बटण आजच्या आज काढा. सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि सांगितलं की मी सूनबाईला विचारलं, ते आता काढता येत नाही, काढायचं म्हटलं तर सगळी वेबसाइट नव्यानं करावी लागते.

"असं असतंय का?" नवऱ्यानं मला विचारलं.

"नाही."

"मंग बाबा असं का म्हणाले?"

मी त्याला म्हटलं, तूच विचार. त्यानं विचारलं नाही, मीही नाही.

अध्यक्षांनी त्यावर निर्णय घेतला की वेबसाइटमध्ये दम नाही, मंडळानं आता अ‍ॅप काढावं. नांदेडच्या कुणा कंपनीला काम दिलं. मला सांगण्यात आलं की सगळी माहिती त्यांना द्या. मी दिली, आणि त्यांच्या माणसाला फोन करून म्हटलं, पुढच्या मेळाव्याची वाट बघू नका, जेवढं झालं तेवढं लोकांच्या हातात द्या. तो म्हणाला, "मॅडम, मंडळानं सांगितलंय की मेळाव्याआधी उघडायचं नाही." मी फोन ठेवला. दुसरा मेळावा होऊन गेला, त्यात पुस्तिका छापली. अ‍ॅपचं विचारलं की अध्यक्ष सांगतात, होऊन राहिलंय.

वेबसाइट मी बंद केलेली नाही. तिचा मालक आता कोण आहे हे कुणी ठरवलेलं नाही. लोक वापरतात. कुणाचं जमलं की झाकतात, काहींचं मोडलं की परत उघडतात. त्या मेळाव्याचा माझा राग मात्र गेलेला नाही. ऑफिसात दर पंधरा दिवसांनी आम्ही बसून काय चुकलं ते बोलतो, आणि माझी पाळी आली की मी कामाचं काहीतरी सांगते. हे सांगत नाही.

गेल्या आठवड्यात मी स्टँडअपच्या तयारीत होते आणि सासरे मोबाइल घेऊन दारात आले.

"हट्टा गावच्या मुलाचं शिक्षण चुकलंय. बी.एड. पाहिजे, डी.एड. पडलंय. त्याच्या वडलाचा फोन होता."

"आता?"

"आता जमतं का बघ. न्हाईतर मीटिंग झाल्यावर."

मीटिंगला दोन-चार मिनिटं होती. मी चिडूनच उघडलं आणि एक अक्षर बदललं. ते दारातच उभे राहिले, बोटानं पान खाली ओढून परत उघडत. नवीन दिसलं तेव्हा त्यांनी मोबाइल जवळ धरून ती ओळ पूर्ण वाचली, पुढची आणि मागचीही वाचली. मग म्हणाले, "अन् गावाचा ट जोड पाहिजे. एकच ट पडलाय."

मीटिंग सुरू झाली होती. मी आवाज बंद ठेवला आणि दुसरा ट टाकला.